ऑर्गनवाल्या काकांचे पाय

तालमीच्या हॉलमध्ये पहिल्याच दिवशी मी स्टँडवर मोबाईल लावत होते, तेव्हा ऑर्गनवाल्या काकांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "हे काय, आमच्यावर नजर ठेवायला?"

"नाही काका, लोकांची नजर आपल्याकडे वळवायला."

"मग ठीक. आमच्याकडे तसंही कुणी बघत नाही."

मी हसले आणि मोबाईल गाणाऱ्याकडे वळवला. काका काय म्हणाले ते कळायला मला पुढे तीन आठवडे लागले.

आमची संस्था हौशी. वर्षाला एक नाटक, तेही सगळ्यांच्या नोकऱ्या, मुलांच्या परीक्षा आणि कुणाच्या तरी घरातलं लग्न सांभाळून. या खेपेला 'संगीत सौभद्र', म्हणजे अर्जुन-सुभद्रेच्या लग्नाचं जुनं संगीत नाटक, धरलं होतं, आणि तीन प्रयोग ठरले होते. जाहिरातीचा विषय निघाला तेव्हा खजिनदारांनी वही उघडून सांगितलं की प्रत्येक प्रयोगाआधी वर्तमानपत्रात दोन बोटांची एक जाहिरात परवडेल, त्यापुढे काही नाही. मग कुणीतरी म्हणालं, हल्ली रील करतात. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दिवसभर हिंजवडीत सॉफ्टवेअर तपासते, म्हणजे कॉम्प्युटरशी संबंधित जे काही असेल ते मला येतंच, असा आमच्याकडे समज आहे. नाही म्हणायला मी अर्धा सेकंद उशीर केला आणि काम गळ्यात पडलं.

माझे बाबा अजून शनिवारी पेपर उलटा धरून नाटकांच्या जाहिरातींपासून वाचायला सुरुवात करतात. पण ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या पंचविशीतल्या मुलांच्या घरी पेपरच येत नाही. त्यांच्यापर्यंत सौभद्र पोचवायचं तर त्यांच्या अंगठ्याच्या वाटेतच जाऊन उभं राहायला हवं, एवढं मला पटलं होतं. उभं राहून करायचं काय, हे मात्र माहीत नव्हतं.

म्हणून मी सगळे करतात तेच केलं. आमचा कृष्ण रुक्मिणीला पहाट झाल्याचं सांगतो ते 'प्रिये पहा' समोरून, नीट, पूर्ण चित्रित केलं. आवाज वेगळ्या माइकवर घेतला. गाणाऱ्याने देसकार राग असा काही लावला होता की हॉलच्या बाहेर चहा घेऊन आलेला मुलगा दारातच थांबला. मी रात्री जागून ते जोडलं, अक्षरं टाकली, तारीख-वेळ टाकली आणि सोडून दिलं. बघणारे झाले दोनशेच्या आसपास. त्यातले निम्मे कलाकारांचे नातेवाईक आणि उरलेले त्या नातेवाइकांनी धरून बसवलेले.

दोष गाण्याचा नव्हता. पद उभं राहायला वेळ लागतो. आधी पेटीचा सूर, मग पहिली ओळ, तीच ओळ दुसऱ्या अंगाने, मग तबला, आणि ऐकणारा खुर्चीत जरा मागे रेलला की मग खरी जागा येते. मोबाईलवर तोवर माणूस चार व्हिडिओ पुढे गेलेला असतो. दुसरी अडचण तर मापाचीच. रंगमंच आडवा, मोबाईल उभा. तीस-पस्तीस फुटांच्या मंचावरचं दृश्य त्या उभ्या चौकटीत कोंबायचं म्हणजे एकतर सगळे मुंगीएवढे दिसतात, नाहीतर एकटा कृष्ण दिसतो आणि रुक्मिणी कापली जाते. आणि मंचाच्या पायाशी, एका अंगाला ऑर्गन आणि दुसऱ्या अंगाला तबला घेऊन बसलेली माणसं तर कुठल्याच मापात येत नाहीत. मी केलेल्या त्या चार मिनिटांत काकांचा एक कान फक्त आला होता, तोही डावीकडच्या कडेला, आठ सेकंद.

वेळ कमी पडण्याची ही तक्रार तशी जुनीच. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या ग्रामोफोनच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मावायची. नाट्यगृहात वन्समोअर घेत घेत रात्र जागवणारं पद गायकाला तेवढ्यात बसवावं लागे. बालगंधर्वांची पदं अशी कापून-बेतून तबकड्यांवर गेली आणि ज्यांनी गंधर्व नाटक मंडळीचा तंबूसुद्धा पाहिला नाही, अशा घरांत पाठ झाली. माझी पणजी त्यांतलीच. तिला म्हणे 'मानापमान'मधली पदं येत होती आणि नाटकाची गोष्ट माहीत नव्हती. तेव्हा नाटकाचा तुकडा नाटकाच्या पुढे धावत गावोगाव जाण्याची रीत आपल्याकडे शंभर वर्षं जुनी आहे. त्याच्याही आधीपासून नाट्यगृहाच्या दारात पदांची छोटी पुस्तकं विकली जातच होती. फरक एवढाच की तबकडी घरात आली की लोक ती पन्नास वेळा लावत. माझ्या व्हिडिओला दुसरी संधी नाही.

त्या आठवड्यात न्यू जर्सीत असलेल्या मावसबहिणीशी बोलणं झालं. ती नाटकवेडी आहे. मी माझं रडगाणं गायल्यावर तिने मला 'पिपिन'ची जाहिरात शोधून बघायला लावली. १९७२ साली ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या नाटकांच्या पेठेत, आलेली ही संगीतिका. बॉब फॉसी हा तिचा दिग्दर्शक, आणि टीव्हीवर तिची जी जाहिरात झाली ती त्या धंद्यातली वाट बदलणारी मानतात, कारण तिच्यात प्रत्यक्ष नाटकातला नाच दाखवला होता. एक मिनिटाचा. बेन व्हरीन आणि दोन नर्तिका, टोप्या, छड्या. आणि शेवटी निवेदक सांगतो, हे एक मिनिट झालं, उरलेली ११९ मिनिटं इंपीरियल थिएटरात येऊन बघा, मध्ये जाहिराती नाहीत. नाटक पुढे १९७७ पर्यंत चाललं. मला त्या जाहिरातीत नाचापेक्षा हिशेब आवडला. एक मिनिट तुमच्या पदरात टाकून ११९ मिनिटांची आठवण करून देणं हे दुकानदाराचं डोकं आहे, आणि नाटकाला दुकानदार लागतोच.

तिचा स्वतःचा किस्सा याहून जवळचा. २०१५ साली 'हॅमिल्टन' ब्रॉडवेला आलं तेव्हा पुढच्या रांगेची तिकिटं दहा डॉलरला, चिठ्ठ्या टाकून, देत. ही चिठ्ठी काढायला पश्चिम ४६ व्या रस्त्यावर रिचर्ड रॉजर्स थिएटरच्या बाहेर इतकी गर्दी व्हायची की लिन-मॅन्युएल मिरांडा, म्हणजे नाटक लिहिणारा आणि त्यात नायकाचं काम करणारा, स्वतः बाहेर येऊन लोकांशी बोलायला लागला. मग त्यातून फुटपाथवरचे पाच मिनिटांचे खेळच सुरू झाले. कधी नाटकातले कलाकार, कधी शेजारच्या नाटकातले पाहुणे, कधी भूमिकांची अदलाबदल. लोक मोबाईलवर घेत आणि ते जगभर फिरे. माझी बहीण दोनदा उभी राहिली. दोन्ही वेळा चिठ्ठी लागली नाही. "पण गाणं ऐकून आले ना," ती म्हणाली, "आणि घरी येऊन तेच व्हिडिओ परत बघितले. तिकीट मिळालं नाही याचा राग सोड, मला तर त्या नाटकातली धाकटी सून असल्यासारखं वाटायला लागलं होतं."

धाकटी सून! हे मी वहीत लिहून ठेवलं. तिला गाणं आवडलं होतं हे खरंच, पण ती त्या घरात शिरली होती. कोण कोणाची थट्टा करतो, कुणाचा घसा बसलाय, कोण आज बदली म्हणून उभा राहणार, हे तिला ठाऊक झालं होतं. पडद्यामागचे व्हिडिओ हेच करतात. बघणाऱ्याला स्वयंपाकघरात घेतात. आणि स्वयंपाकघरात बसलेल्या माणसाला ताटाची वाट बघवत नाही.

मग मी गाणाऱ्यावरून मोबाईल काढला.

ऑर्गन तुम्ही जवळून पाहिला आहे का? दुरून तो एखाद्या जुन्या घरातल्या कपाटासारखा दिसतो. खाली दोन पायट्या असतात, त्या आळीपाळीने दाबत राहायच्या. आठव्या-नवव्या तालमीला विजेचा घोळ झाला, दिवे गेले, आणि सगळे चहाला बाहेर पडले असताना काका एकटेच अंधारात वाजवत बसले होते. मी मोबाईलचा दिवा लावून खाली जमिनीवर धरला. आधी फक्त पाय दिसले. राखाडी मोजे, डाव्या अंगठ्याला भोक. उजवा पाय जाई तेव्हा डावा येई, आणि हे सारं इतकं सावकाश की वर बोटं द्रुत लयीत काहीतरी वाजवत आहेत यावर विश्वास बसत नव्हता. पाय एका माणसाचे आणि हात दुसऱ्याचे असल्यासारखं.

"काका, पायांचा भाता हाताच्या लयीत का नाही चालत?"

"चालवला तर सूर हलेल. लय बोटांची. पायांनी फक्त श्वास घ्यायचा." मग जरा थांबून म्हणाले, "पेटी आणि ऑर्गन यात फरक काय, सांग बरं. पेटी फुंकते. हवा आत भरून घेते आणि पट्ट्यांतून बाहेर ढकलते. ऑर्गन उलटा. तो हवा बाहेरून आत ओढून घेतो, ओढताना सूर वाजतो. म्हणून पेटीचा आवाज अंगावर येतो आणि ऑर्गनचा गाणाऱ्याच्या खाली सतरंजीसारखा अंथरला जातो."

हे चाळीस सेकंद मी जसेच्या तसे लावले. पाय, मोज्याचं भोक, वरून येणारा सूर आणि काकांचं बोलणं. अखेरीला बाहेरून सुभद्रेचा आवाज येतो, 'वद जाऊ कुणाला...' आणि 'शरण' येण्याआधी मी कापलं. त्यात माझी काही चतुराई नव्हती. तिथे मोबाईलची बॅटरी संपली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात शेजारच्या मुलाने विचारलं, "ते पाय कुणाचे आहेत गं?" त्याला सौभद्र माहीत नव्हतं, ऑर्गन माहीत नव्हता, अण्णासाहेब किर्लोस्करांनी हे नाटक १८८२ साली रंगभूमीवर आणलं हे माहीत असण्याचा तर प्रश्नच नव्हता. पण पुढची ओळ काय आहे, हे त्याला हवं होतं. ज्या संस्थेचे व्हिडिओ आजवर दोनशे लोक बघत, तिचा हा व्हिडिओ पुण्याबाहेर, पार नाशिक-कोल्हापूर-पणजीपर्यंत गेला. गोव्यातून तर एका बाईंनी पेडलला तेल कुठलं घालतात असं विचारलं. त्यांच्या घरी देवळातल्या भजनाचा जुना ऑर्गन पडून होता.

काकूंचा फोन मात्र वेगळ्या कारणासाठी आला. "अगं, घरात नवे मोजे आहेत दोन जोड. अख्ख्या महाराष्ट्राला भोक दाखवलंस. माझी काय लाज राहिली?"

यानंतर मला पडद्यामागचं वेडच लागलं. नऊवारी नेसवणाऱ्या मावशी पिना तोंडात धरून बोलतात, तसं त्यांचं बोलणं. तबलजीचा छोटा हातोडा, तबल्याच्या चामडी गजऱ्यावर टक टक. घटोत्कचाचं काम करणारा आमचा बँकेतला साहेब, डोक्यावर राक्षसाचा केसांचा टोप आणि कानाला फोन, कुणाच्या तरी कर्जाचा हप्ता समजावून सांगतोय. हे लोकांना आवडायचंच. मध्ये एकदा एका ॲपने आमच्याच हॉलमध्ये, आमच्याच माणसाने गायलेलं पद कुठल्यातरी रेकॉर्ड कंपनीच्या मालकीचं ठरवून मुकं करून टाकलं. मी तक्रार केली, यंत्राने यंत्रासारखं उत्तर दिलं, चार दिवसांनी आवाज परत आला. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वीची चाल, आणि तिच्यावर हक्क सांगायला कोण तर एक गणित! जाऊ दे.

चूक मी यापुढे केली.

आमची सुभद्रा गाण्याचे वर्ग घेते. एका तालमीला सर्दी असताना ती तार षड्जाला, म्हणजे वरच्या 'सा'ला, गेली आणि आवाज फाटला. चांगलाच फाटला. ती स्वतःच खळखळून हसली, सगळे हसले, कृष्णाने हात जोडले. सुंदर क्षण होता. मी तिला न विचारता रात्री लावला. आजवरचे सगळे व्हिडिओ मागे पडले. मी सकाळी खुशीत हॉलवर गेले तर ती माझ्याशी बोलेना. दोन दिवसांनी एवढंच म्हणाली, "माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आईने मला तो पाठवला. खाली हसण्याची चित्रं. मी त्या मुलीला सूर लावायला शिकवते गं." मी व्हिडिओ काढून टाकला, पण काढून टाकल्याने तो जात नाही. लोकांच्या फोनमध्ये तो अजूनही असेल. पुढचा आठवडाभर ती तालमीला वेळेवर यायची, आपलं काम चोख करायची आणि माझ्या स्टँडला वळसा घालून जायची.

त्या दिवसांत मला 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाची गोष्ट सारखी आठवत होती. १२ मार्च १९११. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली. प्रयोग झाला. नाटक, संगीत, त्यांनी केलेली नायिका भामिनी, सगळं लोकांनी डोक्यावर घेतलं. लहानपणी ही गोष्ट मला कलेच्या निष्ठेची म्हणून सांगितली गेली, आणि मला ती नेहमी जरा क्रूरच वाटत आली आहे. पण आता मोबाईल हातात धरून मी वेगळाच विचार करत होते. रंगपटात तेव्हा माझ्यासारखी कुणी असती तर? आरशासमोर रंग लावणारा चेहरा, मागे कुजबुज, वर एक हळवं गाणं. बघणाऱ्यांचा आकडा कुठल्या कुठे गेला असता. पडदा माणसाला लपायलाही असतो, हे मी विसरून चालले होते.

म्हणून आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. एक, जो दिसतो त्याने आधी बघायचं आणि हो म्हणायचं. मोबाईल हॉलभर फिरायचा, मोठ्या माणसांचे चष्मे शोधले जायचे, वेळ जायचा, पण चालायचं. दुसरी अट सुभद्रेनेच घातली. प्रयोगाच्या दिवशी पहिली घंटा झाली की रंगपटात मोबाईल नाही. "तिथे आम्ही अजून आम्ही नसतो आणि ते पण नसतो," ती म्हणाली. ती माझ्याशी बोलली याचाच मला इतका आनंद झाला की मी वाद घातला नाही.

गंमत म्हणजे आपल्या जुन्या नाटकवाल्यांनी पडद्यामागचं नाटकातच बसवून टाकलं होतं. नांदी झाली की सूत्रधार येतो. नटीला हाक मारतो, किंवा पारिपार्श्वक, म्हणजे त्याचा साथीदार, येतो. आज कुठलं नाटक करायचं, कुणी लिहिलंय, प्रेक्षक कसे रसिक जमलेत, तुझी तयारी झाली का, तू एवढी उदास का, असं घरगुती बोलणं चालतं आणि त्या बोलण्यातूनच खेळ सुरू होतो. नटमंडळी म्हणून ती माणसं आधी भेटतात, आणि मग ती कृष्ण-अर्जुन होतात. पण सूत्रधार किती सांगतो? नाटकाच्या दारापर्यंत आणून सोडतो आणि स्वतः विंगेत निघून जातो. मी ते दृश्य तालमीत पन्नास वेळा पाहिलं होतं, आणि माझं काम काय आहे हे पाहूनही मला दिसलं नव्हतं.

त्यानंतरचे व्हिडिओ मी सगळे असेच कापले. गाणाऱ्याने श्वास घेतला, पाठ ताठ केली, काकांचा पाय पायटीवर गेला, आणि बस. पद नाही. आमच्या दिग्दर्शकांचा याला सक्त विरोध होता. "अहो, गाण्याचं नाटक आणि गाणंच नाही? लोक शिव्या घालतील." लोकांनी थोड्या घातल्या.

माझ्या बहिणीने लंडनच्या 'सिक्स'चं उदाहरण देऊन मला उलटं पटवायचा प्रयत्न केला. तिथे शेवटच्या गाण्याला प्रेक्षकांनी मोबाईल काढून चित्रित करावं अशी मुभाच आहे, आणि ते तुकडे जाहिरात म्हणून फिरतात. ते त्यांना शोभतं. आठव्या हेन्रीच्या सहा राण्या तिथे पॉप गायिकांसारख्या उभ्या असतात, खेळच मैफिलीसारखा आहे. आमच्या भैरवीला तीनशे पडद्यांचा उजेड तोंडावर आला तर सुभद्रा नाटक सोडून जाईल. आणि तिला नाराज करण्याचा माझा कोटा संपला होता.

आता तिकिटं. इथे मला खोटं बोलायचा मोह होतो. पहिला प्रयोग हाऊसफुल्ल झाला नाही. बाल्कनी उघडावी लागली नाही, आणि खालच्याही मागच्या चार-पाच रांगा मोकळ्या होत्या. हजारोंनी पाहिलेल्या व्हिडिओंमधली नाशिकची, पणजीची माणसं काही पुण्यात नाटकाला येणार नव्हती. खजिनदारांनी वहीत आकडा लिहिला आणि माझ्याकडे बघितलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. पण बुकिंगच्या खिडकीवर बसणाऱ्या गृहस्थांनी प्लॅनची घडी घालता घालता सांगितलं, "सहा-सात जणांनी विचारलं, ते पायवालं नाटक हेच का म्हणून. मी हो म्हणालो. बरोबर सांगितलं ना?" सौभद्राचं नाव न घेता सौभद्राचं तिकीट मागणारी माणसं त्या खिडकीवर याआधी कधी आली असतील असं मला वाटत नाही.

मध्यंतरात मी वड्याच्या रांगेत उभी न राहता पुढे मंचापाशी गेले. ऑफिसातला तो शेजारचा मुलगा आणि त्याच्याबरोबरचे तिघे ऑर्गनपाशी उकिडवे बसून खाली वाकून बघत होते. काका वर ताठ बसलेले, पण उजळलेले. दुसऱ्या बाजूला तबलजी, आपल्याकडे कुणीच कसं आलं नाही, या चेहऱ्याने हातोड्याशी चाळा करत होता. पुढचा व्हिडिओ त्याचा करायचा हे मी तिथल्या तिथे ठरवलं.

दुसऱ्या प्रयोगाला काकू स्वतः आल्या, पहिल्या रांगेत, डावीकडे, जिथून पाय दिसतात बरोबर तिथे. दुसऱ्या घंटेला मी खाली वाकून मोबाईल धरला तर काकांनी एक एक करून मोजे काढले आणि खिशात घातले. नवे, काळे, किमतीचा कागदही अजून चिकटलेला.

"काका, काकू समोर आहेत."

"माहीत आहे," ते म्हणाले. "पण घसरतात गं पायटीवर."